वणीवरून गेलेली दिव्यांची रांग

प्रश्न : आमची द्राक्षबाग वणीजवळ आहे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बागेतून घरी येताना अहिवंत किल्ल्याच्या बाजूने वीस-पंचवीस पांढरे दिवे एकामागोमाग एक वर आले. आगगाडीच्या डब्यांसारखी सरळ रांग. आवाज अजिबात नाही. डोक्यावरून पुढे सरकले आणि पिंपळगावच्या दिशेला जाता जाता एकेक करून एकाच ठिकाणी विझले. आईने हात जोडले. भाऊ म्हणाला, ड्रोन आहेत. मुलाने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत नुसता अंधार. गावातल्या ग्रुपवर कोणी उडती तबकडी म्हटलं, कोणी चीनचं रॉकेट. खरं काय असावं?
– एक वाचक, वणी (ता. दिंडोरी)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य मधोमध आहे. दिवे ‘एकाच ठिकाणी विझले’ हे तुम्ही पाहिलंत आणि लिहिलंत. बहुतेक लोक दिवे कसे दिसले ते भरभरून सांगतात, पण गेले कसे ते विचारलं की गडबडतात. तुमच्या या एका निरीक्षणावरून उत्तर जवळजवळ नक्की देता येतं. तुम्ही पाहिलेत ते इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह, अवकाशात सोडून थोडेच दिवस झालेले.

अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने मे २०१९ मध्ये अशा ६० उपग्रहांची पहिली मोठी खेप एका रॉकेटने वर नेली. आताचे उपग्रह आकाराने मोठे असल्यामुळे एका खेपेत साधारण वीस ते तीस मावतात. रॉकेट त्यांना तीनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली सोडतं, तेही एकाच वेळी, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस ते एकमेकांच्या मागे रांगेने फिरतात. मग प्रत्येक जण आपापल्या इंजिनाने हळूहळू वर चढतो, रांग विस्कटते आणि साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पोचल्यावर तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो किंवा जेमतेम दिसतो. म्हणून ही रांग एखाद्या आठवड्यात दोनतीनदा दिसते आणि पुढे कितीतरी दिवस दिसत नाही. २०२५ संपताना कंपनीचे नऊ हजारांच्या घरात उपग्रह वर फिरत होते आणि नव्या खेपा चालूच आहेत, तेव्हा तुम्हाला ती पुन्हा दिसणार हे नक्की.

आता विझण्याचं. त्या उपग्रहांवर दिवा नसतोच. तुम्ही पाहिलंत ते ऊन होतं. वणीत सावली उतरून दुकानांतले दिवे लागले तरी सप्तशृंगगडाच्या कड्यावर थोडा वेळ ऊन रेंगाळतं, हे तुम्ही लहानपणापासून पाहत असाल. तीनशे किलोमीटर उंचीवर तेच ऊन सूर्यास्तानंतर सव्वा तासापर्यंत रेंगाळतं, साडेपाचशे किलोमीटरवर पावणेदोन तासांपर्यंत. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. साडेसातला जमिनीवर अंधार, वर मात्र लख्ख ऊन, आणि त्या उन्हात चमकणारे धातूचे पृष्ठभाग. पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत असते. तुमची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे चालली होती, म्हणजे थेट त्या सावलीत शिरत होती. पहिला उपग्रह जिथे सावलीत गेला तिथेच दुसरा गेला, तिथेच तिसरा. विमान असं विझत नाही, ड्रोनही नाही.

यावरून एक साधा अंदाज बांधता येतो. सूर्यास्तानंतरच्या दोन तासांत किंवा सूर्योदयापूर्वीच्या दोन तासांत न लुकलुकता, शांतपणे, एका चालीने सरकणारा ठिपका दिसला तर तो उपग्रह समजायला हरकत नाही. पहाटे खेळ उलटा होतो, म्हणजे काहीच नसलेल्या जागी ठिपका अचानक उजळतो आणि पूर्वेकडे जाऊन उजेडात विरतो. रात्री बारा-एकला, मोटार चालू करायला गेलेलं असताना, असं काही दिसलं तर मात्र दुसरी कारणं शोधावीत. आपल्या अक्षांशावर मध्यरात्री इतक्या खालचे उपग्रह सावलीत बुडालेले असतात.

या ठिपक्यांमधला सगळ्यांत तेजस्वी म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातं आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. चांगल्या फेरीला ते शुक्राइतकं ठळक दिसतं आणि चारसहा मिनिटांत आकाश पार करतं. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला त्यात होते. स्थानक तुमच्या गावावरून कधी जाणार याची वेळ नासा आधी जाहीर करते, त्यामुळे हे एक ‘गूढ’ तुम्ही शेजाऱ्यांना वेळ सांगून दाखवू शकता. गावात भाव वाढेल.

भावाचा ड्रोनचा तर्क मी हसण्यावारी नेणार नाही. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना आणि पुण्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोकांनी काठ्या घेऊन जागरणं केली, चोरांनी टेहळणीसाठी पाठवले असतील या भीतीने. विषय विधानसभेपर्यंत गेला. त्यातले खरे ड्रोन किती आणि तारे-विमानं किती हा वेगळा प्रश्न, पण अंधाऱ्या शेतवस्तीत राहणाऱ्याला वर काहीतरी फिरताना दिसलं आणि भीती वाटली, यात वेडेपणा काही नाही. शहरातल्या माणसाला वर बघायला ना सवड, ना अंधार. साधा ड्रोन ओळखायला सोपा असतो. तो जवळ आला की भुणभुण ऐकू येते, तो थांबतो, वळतो, खालीवर होतो आणि बॅटरी त्याला फार वेळ उडू देत नाही. उपग्रहाला थांबता येत नाही.

तुमच्याकडे आणखी एक घोळ होऊ शकतो. ओझर जवळ आहे. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. मिग झाले, सुखोई झाले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेल्या तेजस मार्क १ए चं पहिलं उड्डाणही तिथूनच झालं. लढाऊ असो वा प्रवासी, विमानाला लाल-हिरवे दिवे असतात आणि एक दिवा ठरावीक लयीत चमकतो. आवाज थोडा उशिराने येतो, पण येतो. दिवाळीच्या सुमारास वाऱ्यावर सोडलेले कागदी कंदील नारिंगी दिसतात, थरथरतात आणि वारा नेईल तिकडे जातात. आणि शुक्र. मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाचा पाठलाग करण्यात शुक्राचा हात कोणी धरणार नाही.

आता ग्रुपवरच्या ‘चीनच्या रॉकेट’कडे येतो, कारण ते तुमच्या बाबतीत चुकलं असलं तरी हवेतून आलेलं नाही. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवा. गुढीपाडवा होता, शनिवार. करोनाची दोन वर्षं संपून गडावरचा चैत्रोत्सव पुन्हा भरणार म्हणून तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत आणि मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले, मागे लांब शेपट्या, पिवळसर-तांबडा उजेड. त्यातले काही खाली पोचले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचं आणि चाळीसेक किलो वजनाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. वाहिन्यांवर त्या रात्री उल्कापात, क्षेपणास्त्र, परग्रहवासी असं सगळं होऊन गेलं. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल हे रॉकेटांचा आणि उपग्रहांचा हिशेब ठेवतात. त्यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च ३ बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभराहून जास्त काळ तो वर भरकटत होता आणि त्या संध्याकाळी वातावरणात शिरला. पुढच्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, गुजरातमधल्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतल्या गावांतही असेच गोळे पडले.

असं जळणं आणि तुमची रांग यांत फरक मोठा आहे. सेकंदाला सातआठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा इतकी जोरात दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि वस्तू वितळू लागते. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वरच संपतात. वायू भरण्यासाठी केलेल्या दाबाच्या टाक्या मात्र गोल आणि चिवट असल्याने तगतात, म्हणून जगभर जिथे जिथे रॉकेट पडलं तिथे लोकांना ‘गोळे’ सापडले. बघणाऱ्याला दिसतात ते वेगवेगळ्या आकाराचे निखारे, एकमेकांपासून दूर होत जाणारे, रंग बदलणारे. त्यात सारखं अंतर ठेवून चालणारी रांग नसते. आणि हे दृश्य मिनिटभर, कधी जास्तही टिकतं.

उल्का त्याहून फार वेगवान. सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने ती येते आणि बहुतेकदा ‘ती बघ’ म्हणेपर्यंत संपते. जळते ती साधारण ऐंशी ते सव्वाशे किलोमीटर उंचीवर, आणि पुष्कळदा वाळूच्या कणाहून फार मोठी नसते. क्वचित मोठा दगड खाली पोचतो. २२ मे २०१२ ला नागपूरजवळ काटोलला भरदुपारी असे दगड पडले आणि अभ्यासकांनी गोळा केले. लोणारचं विवर पाडणाऱ्या उल्केची गोष्ट वेगळ्याच मापाची, ती कोणी पाहिली असती तर सांगायला उरला नसता. उल्का मनसोक्त बघायच्या असतील तर ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला वर्षाव विसरा, तेव्हा वणीत ढग हटत नाहीत. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन राशीतला वर्षाव आपल्यासाठी आहे. आकाश स्वच्छ, थंडी कडक, आणि चांदणं आड आलं नाही तर तासाला पन्नासाहून जास्त दिसायला हरकत नाही. गावाच्या उत्तरेला थोडं बाहेर पडून नाशिकच्या उजेडाकडे पाठ करा. द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र बसू नका.

आईंनी हात जोडले त्याबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलंय असं वाटलं. कशाला? वर जे चाललंय ते साधंसुधं नाही. मला खटकतं ते वेगळंच. एका कंपनीने ठरवलं आणि जगातल्या प्रत्येक गावाचं आकाश बदललं, गावाला कोणी विचारलं नाही. दुर्बिणीने रात्रभर फोटो घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या चित्रांवर या उपग्रहांचे पांढरे ओरखडे उठतात आणि त्यांची तक्रार पहिल्या खेपेपासून चालू आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच स्टारलिंकबरोबर आशयपत्रावर सही केली, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागात इंटरनेट पोचवण्यासाठी. ज्या पाड्यावर तार ओढणं जमलं नाही तिथल्या शाळेला या रांगेतल्या एखाद्या ठिपक्याचा उपयोग व्हायचा असेल तर ओरखड्यांची तक्रार करणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागेल. मी केला, आणि तरी तक्रार पुरती गेली नाही.

पुन्हा दिसलं तर मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर भिंतीला टेकवून नाइट मोडवर लावा. हातात धरून काही येत नाही. त्यापेक्षा घड्याळ बघा, कोणत्या डोंगरावरून आलं आणि कोणत्या दिशेला गेलं ते लक्षात ठेवा. मार्कंड्या, गड, अहिवंत, धोडप अशी नावानिशी खूण असताना तुम्हाला होकायंत्राची गरजच नाही. किती वेळ दिसलं ते मनात मोजा. आणि गेलं कसं, हे तुम्ही आधीच शिकला आहात.

प्रश्न : (याच वाचकाचा) उद्या असा एखादा तुकडा आमच्या बागेत पडला तर तो कोणाचा? आणि नुकसान कोण देणार?

उत्तर : आधी हात लावू नका आणि मुलांना लावू देऊ नका. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना आणि तहसील कार्यालयाला कळवा. लाडबोरीचं कडंही पोलिसांनीच ताब्यात घेतलं होतं. तुकडा सापडला म्हणून तो तुमचा होत नाही, तो ज्याने सोडला त्याचाच राहतो. पण म्हणून जबाबदारीही त्याचीच. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झालं तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचं नाही. मात्र दावा तुम्ही नाही, भारत सरकारने करायचा.

भरपाई खरंच मिळते का? तुमच्या आईंच्या पिढीला १९७९ चा जुलै आठवत असेल, अमेरिकेचं स्कायलॅब कुठे पडणार म्हणून देशभर धाकधूक होती. ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं, आणि तिथल्या एस्पेरन्स गावच्या पालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड लावला, निम्मा गमतीत. खऱ्या पैशांचं उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचं आहे. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात कोसळला. किरणोत्सारी तुकडे शोधायला कॅनडाला कित्येक महिने लागले. त्यांनी साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. गारपिटीचा पंचनामा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मागितल्याच्या निम्मं मिळालं हे ऐकून कदाचित हेवाच वाटेल.