पाटे वाढवले म्हणजे भार वाढला काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की नगर-भिंगार भागातल्या कमानपाट्याच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. ट्रक, टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळ्यांचे मागणे एकच : "मिस्त्री, मागं दोन-दोन पाटे वाढवा, गाडी बसतीय." मिस्त्री पाटे वाढवतो, गाडीची मागची बाजू वर उठते, मालक खूश होतो. पुढच्या खेपेला दोन टन ऊस जास्त चढतो. बरेचसे अपघात याच खुशीतून होतात, म्हणून या अंकात हा विषय मुळापासून समजून घेऊ.

आमचा स्वतःचा अनुभव आधी सांगतो, म्हणजे कोरडा उपदेश वाटणार नाही. आमच्या घरच्या पिकअपला आम्हीही पाटे वाढवले होते. उसाचे बेणे भरून गाडी भिंगारवरून पाथर्डीच्या वाटेने निघाली. वजन बरेच जास्त होते. पण गाडी मागे जराही बसलेली नव्हती, म्हणून कोणाला काही वाटले नाही. करंजी घाटाच्या उतारावर ब्रेक लावला, तर पुढची चाके धरली आणि मागून गाडी रेटा देऊ लागली. कडेला मुरमाचा ढीग होता, त्यात चालकाने गाडी घातली म्हणून आमचा पुतण्या आणि चालक दोघे हातीपायी धड घरी आले. पाटे शाबूत होते. चूक आमच्या समजुतीत होती.

पाट्याचे काम काय?

पाट्याचे काम वजन "पेलणे" एवढेच नाही. वजन चाकावर नेताना धक्का गिळणे आणि चाक रस्त्याला धरून ठेवणे हे त्याचे खरे काम. गाडी खड्ड्यात आदळली की पाटे सरळ होतात, एकमेकांवर घासतात आणि धक्का जिरवतात. पाटे फार ताठ केले तर धक्का जिरत नाही. तो थेट चासी, हौदा आणि अ‍ॅक्सलमध्ये जातो. रिकामी गाडी तर उड्या मारू लागते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

आता थोडा हिशोब. लांबी-रुंदी तीच ठेवली तर पाट्यांचा ताठपणा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. आठ पाट्यांचे नऊ केले तर साधारण साडेबारा टक्के. जाडीचे मात्र तसे नाही. जाडी वाढली की ताठपणा तिच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. "जाड पाटा टाका, मजबूत होईल" असे म्हणणाऱ्यांनी पुढचे लक्षात घ्यावे : सगळे पाटे एकत्र बांधलेले असल्याने सारखेच वाकतात, आणि सारखे वाकताना जाड पाट्यावर ताण सव्वापट येतो. म्हणून पातळ पाट्यांत घुसवलेला जाड पाटाच पुष्कळदा आधी तुटतो. मिस्त्रीला दोष देण्याआधी आपण काय मागितले ते आठवावे.

साखळीची कमजोर कडी

मोटेचा नाडा जिथे झिजलेला असतो तिथेच तुटतो. गाडीचेही तसेच आहे. टायर, रिम, हबची बेअरिंग, अ‍ॅक्सल, चासी, ब्रेक आणि पाटे ही एक साखळी आहे. आपण फक्त पाट्याची कडी जाड करतो. बाकीच्या कड्या होत्या तशाच राहतात. उलट, गाडीचे बसणे ही जी धोक्याची खूण होती, तीच आपण पुसून टाकतो. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून टाकावा, तसा हा प्रकार.

नव्या पद्धतीच्या बऱ्याच पिकअप आणि टेम्पोंना मागे भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागे किती बसली यावरून मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती द्यायचा हे तो ठरवतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली की व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामी आहे. आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. आमच्या गाडीचे घाटात हेच झाले होते. पाट्याला हात लावल्यानंतर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवला नाही, तर काम अर्धवट आहे असे समजावे.

आकडा कुठून येतो?

आर.सी. पुस्तकातले वजन कोणी टेबलावर बसून लिहिलेले नसते. गाडीचा नमुना आधी अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये अशा संस्थांची यादी आहे. त्यातली एक आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ वाहननगरला आहे : संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे आपण जिला व्ही.आर.डी.ई. म्हणतो ती. लष्कराच्या गाड्यांवर तिथे काम चालते. छावणीमुळे भिंगारच्या माणसाला लष्करी गाड्या नव्या नाहीत. पण त्या कशा पारखल्या जातात याचा विचार आपण क्वचितच करतो.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलाबाळांना घेऊन गेलात, तर 'विजयंता' रणगाड्याची चाके जरूर पाहा. त्याला पाटे नाहीत. प्रत्येक चाकाला पोटाखालून आडवा, पीळ घेणारा पोलादी दांडा आहे. किती वजन, किती चाके, प्रत्येक चाकावर किती, याचा हिशोब आधी आणि दांडा नंतर. आपण मात्र पाटा आधी घालतो आणि हिशोब अपघातानंतर करतो.

दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकसाठी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने पुढच्या अ‍ॅक्सलला ७ टन आणि चार टायरच्या मागच्या अ‍ॅक्सलला ११.५ टन, असे एकूण १८.५ टन वजन ठरवले. पूर्वी हे १६.२ टन होते. पण तुमच्या गाडीला लागू तो तुमच्या आर.सी. पुस्तकातला आकडा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे. पाटे वाढवल्याने त्यात एक किलोचीही भर पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल केला तर कलम ५२ आडवे येते.

मग करायचे काय?

पाट्याला हातच लावू नये असे आमचे म्हणणे नाही. जुने, थकलेले पाटे बदललेच पाहिजेत. पण रीत पाळावी :

१. सपाट जागी रिकामी आणि भरलेली गाडी उभी करून अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे व वहीत लिहावे. रिकाम्या गाडीतच एक बाजू खाली असेल तर पाटे थकलेले आहेत.

२. पाटे बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, जोडीने. रुंदी, जाडी, कमान कंपनीच्या मापाची असावी. नव्या-जुन्याची खिचडी करू नये.

३. तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीही वापरू नये. पाट्याच्या पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो.

४. यू बोल्ट ढिले असले की पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. काम केल्यावर दोन-चार भरलेल्या खेपांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. शॅकल आणि बुश त्याच वेळी पाहावेत.

५. भार कधी कमी, कधी जास्त असेल, तर कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेले हेल्पर पाटे बसवावेत. ते भार आल्यावरच टेकतात, रिकाम्या गाडीला त्रास देत नाहीत. पण तेही आर.सी.च्या वजनाच्या आत काम करण्यासाठीच.

६. टायरच्या कडेला भाराचा आकडा असतो तो वाचावा. काट्यावर एकदा फक्त पुढची चाके आणि एकदा फक्त मागची चाके चढवून दोन्ही वजने घ्यावीत. पुष्कळदा एकूण वजन बरोबर असते, पण ऊस मागे लोंबत भरल्याने मागचा अ‍ॅक्सल मर्यादेपलीकडे गेलेला असतो. नीट भरले तर पाट्याचा खर्चच वाचतो.

रस्ताही आपलाच

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर गाड्या फिरवल्या गेल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची खराबी सोळापट होते. सव्वापट भाराला सुमारे अडीचपट. शिवारातला रस्ता कशाने फुटतो, हे आता वेगळे सांगायला नको. आणि त्याच खड्ड्यात पुढच्या खेपेला आपलाच पाटा तुटतो.

दोन टन जादा उसाचे भाडे किती मिळते, आणि एक टायर, एक मेन पाटा, एक दिवसाचा खोळंबा यांचा खर्च किती होतो, हे प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावे. त्यात चालकाच्या आणि उसावर बसून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या जिवाचा आकडा धरू नये, कारण तो मांडताच येत नाही. गाडी मागे बसू लागली की ती मालकाला सांगत असते, "आता पुरे." तिचे तोंड पाट्याने बंद करू नका. एक मोळी कमी भरा. ती पुढच्या खेपेला येईलच.