लेथ प्रवासात बिघडते का?

प्रश्न : बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत बंद झालेल्या एका वर्कशॉपमधली एचएमटीची एनएच २२ लेथ मला चांगल्या भावात मिळते आहे. ती इचलकरंजीला आणायची आहे. आमच्याकडचे जुने टर्नर म्हणतात, ‘एवढ्या लांबून आणलीस तर तिची ॲक्युरसी गेलीच समज.’ एवढ्या जाड बिडाच्या मशीनला प्रवासाने काय होणार, हे मला समजत नाही. ती खरोखर बिघडते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बिघडू शकते, पण त्याचा दोष बहुतेक वेळा रस्त्याचा नसतो. बंगळुरू ते इचलकरंजी हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत येणारा हा महामार्ग चांगला आहे आणि नीट बांधलेली लेथ तो आरामात सोसते. नुकसान होते ते उचलताना, उतरवताना आणि सर्वांत जास्त वेळा तुमच्या शेडच्या दारापासून तिच्या जागेपर्यंत सरकवताना. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ट्रकच्या भाड्यात वाचवा. मशीन चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांच्या मजुरीत वाचवू नका.

बिडाचा स्वभाव आधी ध्यानात घ्या. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. ताणापेक्षा तीन-चार पट दाब ते सहज घेते. पोलाद तुटण्याआधी वाकते, त्यामुळे आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. बीड वाकत नाही, एकदम तडकते. दोन टनांच्या आसपासची लेथ वीतभर उंचीवरून एका पायावर टेकली, तरी त्या पायाचा कान उडू शकतो. एक घनफूट बीड भरते २०० किलोच्या वर, त्यामुळे आकारावरून वजनाचा अंदाज नेहमी कमीच येतो. विकणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर विसंबू नका. मॅन्युअलमधला आकडा मिळवा आणि हायड्रा क्रेन त्या हिशेबानेच बोलवा.

लेथचे वजन हेडस्टॉकच्या बाजूला एकवटलेले असते. उचलण्याआधी कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाकडे सरकवून तोल साधायचा आणि मग दोन्ही घट्ट लॉक करायचे. पट्टा बेडलाच घालायचा, तोही लीड स्क्रू आणि फीड रॉडवर दाब येणार नाही असे लाकडी ठोकळे मध्ये देऊन. लीड स्क्रू वाकला, की तुमच्या टर्नर मंडळींचे भाकीत खरे ठरते आणि दोष मात्र प्रवासाच्या माथी जातो. पट्ट्याच्या कोनाकडेही लक्ष हवे. दोन पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या ५८ टक्के ओढ येते. तोच कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक पट्ट्यावर सगळेच्या सगळे वजन येते. पट्टे आखूड पडले म्हणून फाकवून लावणे इतके महागात पडते. पहिल्यांदा मशीन जमिनीपासून बोटभरच उचलून थांबायचे, तोल पाहायचा, चुकला असेल तर खाली टेकवून पुन्हा बांधायचे. घाई करणाऱ्या ऑपरेटरला थांबवायची हिंमत त्या वेळी तुमच्यात हवी.

या कामातली कसबी माणसे मला फार मोलाची वाटतात. केरळमधल्या बेपूरचे खलाशी दोर, कप्पी आणि लाकडी रहाट यांच्या जोरावर मोठमोठी लाकडी जहाजे पाण्यात उतरवतात. १९८८ साली पेरुमण इथे रेल्वे अष्टमुडी सरोवरात कोसळली, तेव्हा बुडालेले डबे बाहेर काढायला हेच खलाशी गेले होते. तुमच्या भागात मशीन शिफ्टिंग करणारी अनुभवी टोळी असेल, तर तिला आधी गाठा. पाइपाचे रोलर, पहार आणि पाचर यांवर सावकाश सरकणारी लेथ हायड्राला लोंबकळत जाणाऱ्या लेथपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.

आता ट्रक. जोरात ब्रेक लागला, तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के एवढा जोर पुढे ढकलणारा धरून माल बांधावा, असे युरोपातले मानक सांगते. दोन टनांच्या लेथसाठी हा जोर होतो १.६ टन. ट्रकच्या तेलकट पत्र्यावर बिडाचे पाय जवळजवळ घसरतच जातात. म्हणून लेथ दोन जाड लाकडी तुळयांवर पायांच्या भोकांतून बोल्टने आवळा आणि तुळयांखाली रबर घाला. पाया रुंद झाला, की कलंडण्याची भीतीही कमी होते. रॅचेट पट्टे बेडवरून आडवे-तिरके घ्या, ॲप्रन किंवा लिव्हरवरून कधीही नको. निघाल्यावर तीसेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणून घ्यायला ड्रायव्हरला सांगा. लाकूड दबते आणि पट्टे सैल पडतात.

चक काढून वेगळा पाठवा, कूलंट आणि हेडस्टॉकमधले तेल काढून घ्या. बेडवर ग्रीस चोपडून त्यावर तेलकागद लावा. गोणपाट थेट बेडवर टाकण्याची सवय मात्र सोडा. पावसात ते पाणी धरून ठेवते आणि घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर गंज चढतो.

बेअरिंगांची भीती बरेच जण घालतात. त्यात तथ्य आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे पोहोचेपर्यंत खराब झालेली आढळली. चाके फिरत नव्हती, पण सततच्या थरथरीने गोळ्या एकाच जागी घासून खड्डे पडले होते. मशीन आठवडेच्या आठवडे रेल्वेने किंवा जहाजाने जाणार असेल, तर याचा गंभीरपणे विचार करावा लागतो. एका रात्रीच्या ट्रकप्रवासात हा धोका थोडा आहे.

कागदांचे थोडक्यात सांगतो. किंमत ५०,००० रुपयांहून जास्त असेल, तर ई-वे बिल लागेल. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरली जाते. ट्रान्सपोर्टरला स्पष्ट बजावा, की गाडी थेट हवी, वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत भरणे नको. प्रत्येक जादा चढउतार म्हणजे नवा धोका. विमा घेताना पॉलिसी नीट वाचा, कारण जुन्या मशीनच्या बाबतीत गंज आणि ओरखडे बहुधा वगळलेले असतात.

आता तुमच्या टर्नर मंडळींच्या बोलण्यातला खरा भाग. नव्या जागी बसवल्यावर लेथ टेपर कापते, म्हणून लोक म्हणतात की ॲक्युरसी गेली. बेड कितीही जाड असला तरी असमान जमिनीवर त्याला पीळ पडतो. एनएच २२ मधला २२ म्हणजे सेंटरची उंची २२ सेंटिमीटर. बेडच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाच्या मानाने मीटरला ०.१ मिलिमीटर आडवा कल असेल, तर त्या उंचीवर टूल ०.०२२ मिलिमीटर सरकते आणि जॉबच्या व्यासात ०.०४४ चा फरक पडतो. मशीन धडधाकट असते, फक्त बसवण्यात चूक झालेली असते. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल भाड्याने किंवा मागून आणा. बेडच्या दोन्ही टोकांना ती आडवी ठेवून पाय जुळवा. नंतर चकमध्ये वीतभर बार टेलस्टॉकच्या आधाराशिवाय धरा, दोन्ही टोकांना बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही व्यास सारखे येईपर्यंत टेलस्टॉककडचे पाय फिरवत राहा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही पंचगंगेच्या काठचे आहात. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेडची फरशी थेट त्या मातीवर पातळ ओतलेली असेल, तर आज जुळवलेली लेव्हल पावसाळ्यानंतर राहणार नाही. लेथच्या जागेपुरती माती खोदून मुरूम दाबून भरा, त्यावर जाड काँक्रीट घाला, ते पुरेसे मुरू द्या आणि मगच बंगळुरूला गाडी पाठवा. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा मे महिन्यात लेव्हल तपासून पाहा.