गाडीचा एसी बिघडला तर: निदान आधी, गॅस नंतर



14 एप्रिलच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आपल्या लोकांचा प्रवास वाढतो आणि आपल्या वऱ्हाडात ऊनही तेव्हाच पेटतं. गेल्या मे महिन्यात केनवडहून एका आजारी आजींना अकोल्याला न्यायचं होतं. भाड्याच्या गाडीचा चालक म्हणाला, "ताई, एसी आहे, गॅस परवाच भरला." पातूरच्या अलीकडेच जाळीतून गरम हवा यायला लागली. काचा खाली केल्या, आजींच्या मानेवर, काखेत ओले फडके ठेवले, अंगावर पाणी शिंपडलं. वाऱ्याने पाणी उडतं तसं अंग थंड होतं, म्हणून बंद एसीच्या गाडीत काचा लावून बसू नये. आजी नीट पोहोचल्या. पण चौकशी केली तेव्हा कळलं, त्या उन्हाळ्यात गॅस तिसऱ्यांदा भरला होता.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि आतल्या हवेतली उष्णता ओढली जाते. एकाच उन्हाळ्यात गॅस पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर तो कुठून तरी निसटतो आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त चढवत राहायचं आणि रक्तस्राव कुठून होतो ते पाहायचंच नाही, असा हा इलाज. आमच्या वॉर्डात असं केलं असतं तर सिस्टरबाईंनी उभं केलं असतं.

निदानाची सुरुवात घरीही करता येते. हवा थंड आहे पण जोर कमी, तर आधी केबिन फिल्टर काढून पाहा, धुळीने बुजलेला असतो. चालताना थंड आणि थांबली की गरम, तर कंडेन्सरचा पंखा बंद असेल किंवा जाळीत चिखल-किडे अडकले असतील. तासाभराने हवा येणंच मंदावलं, तर कॉइलवर बर्फ धरत असावा. एसीचं बटण दाबल्यावर बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' वाजतो. वाजत नसेल तर फ्यूज, रिले, वायर तपासायची. गॅस फार कमी झाला तरीही प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. गाडीखाली थेंब थेंब पाणी पडणं हा बिघाड नव्हे. तेच पाणी पायाशी साचलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

पुढचं काम गॅरेजचं, पण प्रश्न आपण विचारावेत. दोन्ही बाजूंचा दाब गेजवर दाखवा म्हणावं. दोन्हीकडे कमी असेल तर बहुधा गळती. दोन्हीकडे जास्त असेल तर पंखा, कंडेन्सर किंवा जादा भरलेला गॅस. खालचा दाब जास्त आणि वरचा कमी, तर कॉम्प्रेसर थकला. गळतीच्या जागी तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर तेलही फिरत असतं. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. दुरुस्तीनंतर व्हॅक्युम पंपाने अर्धा तास तरी हवा व ओल ओढून काढायची, ती टिकते का पाहायचं, आणि मग गाडीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस. त्या गाडीत शेवटी जोडावरची रबरी ओ-रिंग खराब निघाली. "भरून टाका" या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, येऊन पाहायचं असतं.

आपली कितीतरी मुलं आयटीआय करून किंवा न करताच गॅरेजात लागतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. बहुतेक गाड्यांतला १३४ए गॅस उणे 26 अंशाला उकळतो. तो हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. चष्मा आणि हातमोजे घालाच. लागलंच तर कोमट पाण्याने धुवा, चोळू नका. गळती शोधायला ज्योत लावू नका, जवळ विडी ओढू नका. हा गॅस तापला की विषारी वायू तयार होतो. आणि तो हवेत सोडू नका, पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे.

एसी लावताच कुबट वास येत असेल तर ओल्या कॉइलवर बुरशी धरली आहे. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. कॉइल साफ करून घ्या, आणि उतरण्याआधी पाच मिनिटं एसी बंद ठेवून नुसता पंखा चालवा. वरून सुगंधी डबी टांगून वास झाकला जातो, बुरशी तशीच राहते.

एक गोष्ट मात्र एसी उत्तम चालत असला तरी. रुग्णाला भरती केल्यावर नातेवाईक दवाखान्याबाहेर काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपतात. सायलेन्सर फुटका असेल किंवा गाडी भिंतीला, शेडमध्ये लागलेली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्याला कळतही नाही. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं की लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाडीत झोपलो होतो हे आवर्जून सांगा.