शाळेचें संगीत नाटक व प्रकाशकाची निवड

वार्षिक स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे ‘यंदा कोणतें नाटक बसवावयाचें?’ हा प्रश्न शाळेंत सर्वांच्या तोंडीं होतो. नायकाचें काम कोणास द्यावें, पोषाख कोठून आणावे, पेटी कोण वाजवील, यांविषयीं मोठ्या हिरिरीनें वाद होतात. परंतु हें नाटक रंगभूमीवर आणण्याचा अधिकार आपणांस कोण देणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच तर तालमी अर्ध्यावर आल्यानंतर, म्हणजे वरातीमागून घोडें या न्यायानें. गाण्यांनीं भरलेलीं इंग्रजी नाटकें करण्याची हौस अनेक शाळांतून दिसते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम ‘प्रकाशक’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. पुस्तक छापून विकणारा एवढाच येथें त्याचा अर्थ नव्हे. लेखक, गीतकार व संगीतकार यांच्या वतीनें प्रयोगाची परवानगी देणारी, तिचें मूल्य घेणारी व स्वरलिपीचीं पुस्तकें पुरविणारी जी संस्था, तिला आम्ही प्रकाशक म्हणत आहों. दुकानांतून नाटकाचें पुस्तक विकत घेतल्यानें तें वाचण्याचा हक्क मिळतो, करून दाखविण्याचा नव्हे. हा भेद किती महत्त्वाचा आहे हें गिल्बर्ट व सलिव्हन या जोडीच्या इतिहासावरून दिसतें. त्यांचें ‘एच्. एम्. एस्. पिनाफोर’ हें संगीत नाटक १८७८ सालीं लंडनमध्यें रंगभूमीवर आलें आणि लवकरच अमेरिकेंत अनेक मंडळ्यांनीं तें परवानगीवांचून केलें. इंग्रज ग्रंथकारांच्या हक्काला त्या काळीं तेथें कायद्याचें संरक्षण नव्हतें. त्यामुळें या प्रयोगांपासून कर्त्यांच्या हातीं कांहीं आलें नाहीं. म्हणून ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या पुढच्या नाटकाचे वेळीं ते स्वतः समुद्र ओलांडून गेले व ३१ डिसेंबर १८७९ रोजीं न्यूयॉर्क येथेंच त्यांनीं त्याचा प्रयोग केला. आपली कृति राखण्यासाठीं कर्त्यांना अशी धांवपळ करावी लागे. तें ओझें आज प्रकाशकसंस्था वाहतात.

अशा संस्थांपैकीं दोन मोठ्या अमेरिकेंत आहेत. ‘म्युझिक थिएटर इंटरनॅशनल’ ही १९५२ सालीं संगीतकार फ्रँक लेसर व वाद्यवृंदरचनाकार डॉन वॉकर यांनीं स्थापिली. दुसरी ‘काँकॉर्ड थिएट्रिकल्स’. तिनें २०१८ सालीं सॅम्युएल फ्रेंच, टॅम्स-विटमार्क व रॉजर्स अँड हॅमरस्टाइन हे जुने संग्रह एका छत्राखालीं आणले. आतां येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. भाजी घेतांना चार दुकानें हिंडून भाव पाहावा तसें येथें करतां येत नाहीं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९५९) हवें असेल तर काँकॉर्डकडेच गेलें पाहिजे. एका नाटकाला एका प्रदेशांत बहुधा दार एकच असतें. तेव्हां प्रकाशकाची निवड म्हणजे वस्तुतः नाटकाची व त्याच्या आवृत्तीची निवड होय.

जेथें कथा सर्वांच्या मालकीची झालेली असते, तेथें मात्र खरी निवड करतां येते. मुंबईस जन्मलेल्या किप्लिंगचें ‘जंगल बुक’ हें पुस्तक १८९४ सालचें. त्याचा स्वामित्वहक्क केव्हांच संपला आहे. परंतु डिस्नेच्या १९६७ सालच्या चित्रपटांतील गाणीं अजून हक्काधीन आहेत. ज्या शाळेस तींच गाणीं हवीं तिनें म्युझिक थिएटर इंटरनॅशनलची बालआवृत्ति घ्यावी. जिला केवळ मोगली, बघीरा व शेरखान हवेत तिनें मूळ पुस्तकावरून आपलें नाटक लिहावें व आपल्याच संगीतशिक्षकांकडून चाली लावून घ्याव्या. दोन्ही मार्ग सरळ आहेत. पुस्तक जुनें म्हणून चित्रपटांतील गाणींहि मोकळीं, असें समजणें हा मात्र आडमार्ग होय.

निवडीची पहिली कसोटी म्हणजे मुलांचा आवाज. मोठ्यांच्या नाटकांतील गाणीं पिकलेल्या गळ्यांसाठीं रचिलेलीं असतात. आवाज फुटण्याच्या वयांतील मुलांस तीं गावयास लावलीं तर गाणें बिघडतें आणि गळाहि. म्हणून वर सांगितलेल्या संस्थेनें सुमारें ३० मिनिटांच्या बालआवृत्त्या व सुमारें ६० मिनिटांच्या ‘ज्युनिअर’ आवृत्त्या काढल्या आहेत. ज्युनिअर आवृत्तींत गाण्यांची पट्टी कोवळ्या आवाजास झेपेल अशी ठेविलेली असते, आणि वाद्यवृंद नसलेल्या शाळेसाठीं साथीचें ध्वनिमुद्रणहि मिळतें. हायस्कुलांसाठीं निराळ्या ‘स्कूल’ आवृत्त्या आहेत. ज्या प्रकाशकाजवळ आपल्या मुलांच्या वयास साजेल अशी आवृत्ति आहे, तो थोडा महाग असला तरी अंतीं स्वस्त पडतो.

दुसरी कसोटी खर्चाची. येथें मथळ्यावरील आंकडा पाहून भुलूं नये. पूर्ण नाटकाची रॉयल्टी प्रयोगांची संख्या, प्रेक्षागृहांतील जागा व तिकिटाचा दर यांवरून ठरविली जाते. तिच्याखेरीज वाद्यवृंदाच्या पुस्तकांचें भाडें, अनामत रक्कम व टपालखर्च हीं निराळीं; शिवाय भाड्यानें आणलेलीं पुस्तकें पेन्सिलीच्या खुणा पुसून परत करावीं लागतात. लहान आवृत्त्यांस पुष्कळदां एकच ठराविक रक्कम असते. सर्व रकमा एका कागदावर मांडून मगच तुलना करावी. तसेंच पैसे भरण्यापूर्वीं नाटकाची प्रत वाचावयास मागवावी. प्रकाशक ती देतात.

तिसरी कसोटी मोकळीकीची. एखादा प्रवेश गाळणें, मुलग्याची भूमिका मुलीची करणें, शब्द बदलणें, मराठींत भाषांतर करणें, प्रयोगाचें चित्रण करून तें लोकांत प्रसृत करणें, यांपैकीं कोणतीहि गोष्ट साध्या परवान्यांत आपोआप येत नाहीं. त्यांसाठीं निराळी लेखी परवानगी लागते. कोठें ती मिळते, कोठें मिळत नाहीं. म्हणून आपणांस काय काय करावयाचें आहे हें पहिल्या पत्रांतच लिहावें. जो प्रकाशक आपल्या गरजेस होकार देईल तो आपला.

‘आम्ही तर शाळा, आम्हांस कायद्यानें सूट आहे’, असें कोणी म्हणेल. ही सूट देशपरत्वें भिन्न आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यांत वर्गांतील अध्यापनास सूट आहे, पण प्रेक्षकांपुढें केलेल्या नाट्यप्रयोगास नाहीं. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याप्रमाणें शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुढें केलेला प्रयोग जाहीर समजला जात नाहीं. परंतु केवळ पालक असल्यानें कोणी त्या सवलतींत बसत नाहीं. आपला १९५७ चा कायदा अधिक उदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमान्वयें शाळेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनीं प्रयोग केला व प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशीं संबंध असलेली मंडळी एवढेच असले, तर हक्कभंग होत नाहीं. मात्र या सवलतीनें कोणी स्वरलिपि घरीं आणून देत नाहीं, पुस्तकाच्या शंभर प्रती काढण्याची मुभा मिळत नाहीं, आणि प्रयोग शाळेच्या भिंतींबाहेर सर्व लोकांसाठीं नेला कीं तिचा आधार सुटतो.

मराठी संगीत नाटकांस हाच विचार लागू आहे. किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ (१८८०) व देवलांचें ‘शारदा’ (१८९९) हीं आतां सर्वांचीं झालीं आहेत. परंतु आपल्याकडे स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. म्हणून १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ सारखें नाटक अद्याप मोकळें नाहीं. आपल्याकडे प्रयोगाचे हक्क पुष्कळदां लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतात, पुस्तक छापणाऱ्याकडे नव्हे. कोणास विचारावें हें बहुधा पुस्तकाच्या आरंभींच्या पानावर छापलेलें असतें. पण तें पान उलटण्याची घाई सर्वांनाच असते.

तेव्हां क्रम असा असावा: आधीं हक्क कोणाचा तें शोधावें, नंतर प्रत वाचावी, मग लेखी परवाना घ्यावा, आणि त्यानंतरच भूमिका वांटाव्या. दोन-तीन महिने तोंडपाठ केलेलीं गाणीं आयत्या वेळीं थांबवावीं लागलीं तर त्या चिमुकल्या श्रमांची भरपाई कोण करणार? आणि समजा, कोणी थांबविलें नाहीं, तरी हानि टळली असें नव्हे. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेऊं नये असें आपण मुलांस शिकवितों. तेंच मूल रंगभूमीवर दुसऱ्याचें न विचारतां घेतलेलें गाणें गात असेल, तर तें कोणता धडा खरा मानील? दुसऱ्याच्या जिवावर उदार होणें सोपें आहे. कर्त्याचें ऋण मान्य करून गाणें ही संगीत शिकण्याची पहिली पायरी आहे, आणि ती तालमीच्या पूर्वींच चढावी लागते.