दिवाळी जवळ आली की धडधड

प्रश्न : दिवाळीआधी माझी झोप उडते. फराळ, साफसफाई, पाहुणे यांच्या विचारानेच छातीत धडधडतं. काय करू?

उत्तर : ताई, आधी धडधडीचं बघू. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्या. बायकांची अशी तक्रार ‘टेन्शन’ म्हणून झटकली जाते, याचा मला फार राग येतो. दुपारनंतर चहा-कॉफी नको. धडधड वाढली की चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. सावकाश उच्छ्वासाने ठोके मंदावतात.

चकली, अनारसे बचत गटाकडून खुशाल विकत आणा. घरच्यांना मोघम ‘मदत करा’ म्हणू नका. माळा कोणाचा, किराणा कोणाचा, हे आजच ठरवा. या बदलांबद्दल सासूबाईंशी यजमानांनीच बोलावं. दिवाळीनंतरही झोप आली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं.