ट्रान्स्फॉर्मरपासून मोठ्या प्रवाहाचा स्थिर डीसी पुरवठा

ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी घरींच भरतां यावी म्हणून पुष्कळ बागाईतदार बाजारांतून ट्रान्स्फॉर्मर आणून यंत्र बांधवितात. प्रस्तुत लेखकानेंही तसें केलें होतें. ट्रान्स्फॉर्मरवर १० अँपिअर लिहिलेले, आणि घेतलेही १० अँपिअरच. तरी दोन तासांत वेटोळ्याचें वार्निश जळाल्याचा वास सुटला. दोष विकणाऱ्याचा नव्हता, हिशेबाचा होता.

ट्रान्स्फॉर्मरवरील आंकडा एसी प्रवाहाचा असतो. डायोडांच्या ब्रिजपुढें मोठा कपॅसिटर जोडला म्हणजे ट्रान्स्फॉर्मर सर्व वेळ प्रवाह देत नाहीं. लाटेच्या माथ्यावर क्षणभर मोठा झोत देतो व एरव्हीं स्वस्थ असतो. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. म्हणून तोच प्रवाह झोतांनीं दिला असतां ती अधिक तापते. यास्तव १० अँपिअर डीसी हवे असतील तर ट्रान्स्फॉर्मर निदान १६ अँपिअरांचा घ्यावा.

आतां दाब. बॅटरी सतत जोडून ठेवावयाची तर १३.८ व्होल्ट हवेत. त्यासाठीं १८ व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर उगाच मोठा वाटेल. परंतु खेड्यांत पंप चालूं असतां २३० चा दाब १८० वर उतरला, कीं १८ चे १४.१ होतात. माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे १९.९. डायोडांत २ गेले. कपॅसिटर ५०,००० मायक्रोफॅरडचा असला तरी दोन लाटांमध्यें आणखी २ उतरतात. स्थिर करणाऱ्या मंडलास स्वतःसाठीं सुमारें २ लागतात. उरले १३.९. एवढाच काय तो अवकाश.

याची भरपाई रात्रीं करावी लागते. पंप थांबून दाब २५० वर गेला, कीं कपॅसिटरवर सरासरी २४.७ व्होल्ट येतात. १३.८ वजा जातां उरलेले सुमारें ११ व्होल्ट, १० अँपिअरांनिशीं, ट्रँझिस्टरांत जिरतात. म्हणजे जवळजवळ ११० वॅट उष्णता. ती एकावर टाकूं नये. २एन३०५५ जातीचे चार ट्रँझिस्टर समांतर जोडून प्रत्येकाच्या एमिटरांत ०.१ ओहमचा रोध घालावा; नाहींतर जो अधिक तापेल तोच सारा भार ओढून घेईल. सर्व पंखांच्या ॲल्युमिनियमवर बसवून वर लहान पंखा लावावा.

पार उतरलेली बॅटरी १० अँपिअरांवर थांबत नाहीं. म्हणून प्रवाहाला मर्यादा घालणारें मंडल ऐच्छिक समजूं नये. बॅटरीच्या धन टोकाशेजारीं १५ अँपिअरांचा फ्यूज व लोखंडी पेटीस अर्थिंग असावें. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन निघतो. हें काम कडब्याच्या गंजीजवळ किंवा बंद खोलींत करूं नये.

हलका स्विचिंग पुरवठा आज सहज मिळतो, व त्यांत इतकी उष्णता वायां जात नाहीं, हें खरें. पण तो बिघडला तर जवळपास दुरुस्त करणारा क्वचितच भेटतो. ट्रान्स्फॉर्मरचें वेटोळें मोटारी भरणारा कारागीरही भरून देतो.

यंत्र तयार झाल्यावर प्रथम बॅटरी जोडूं नये. ५५ वॅटचे तारेचे दोन हेडलाइट लावावे. ते सुमारें ९ अँपिअर घेतात. तासभर चालवून वीज बंद करावी, प्लग काढावा आणि ट्रान्स्फॉर्मरवर हात ठेवावा. हात क्षणभरही टेकवत नसेल तर बॅटरी न जोडतां मोठा ट्रान्स्फॉर्मर आणावा.