तेलाची वाट

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाहत सांगलीकडे जाते. तिच्या काठची जमीन कसदार आहे. परंतु पाणी खाली आणि पीक वर, अशी तेथील शेतकऱ्याची अडचण असे. पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैल दिवसभर राबत, तेव्हा कोठे थोडेसे रान भिजे. पुढे मोटेचे काम तेलाच्या एंजिनाने पत्करले. याच भूमीत त्यासाठी कारखाने उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगर व पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी काढलेल्या कारखान्यात डिझेल एंजिने बनू लागली. आता पुष्कळ ठिकाणी विजेचे पंप आले आहेत. तथापि या एंजिनाची रचना जाणून घेण्याजोगी आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले एंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी लागत नाही. दट्ट्या सिलिंडरातील हवा जोराने दाबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते, की तिच्यात तेलाचा फवारा शिरताच तो पेट घेतो.

हे तेल सिलिंडरापर्यंत कसे पोहोचते? टाकी उंचावर बसवलेली असते. तेथून तेल आपल्याच भाराने गाळणीत उतरते. गाळणीत धूळ व कचरा अडतो. नंतर एक लहानसा पंप ते तेल प्रचंड दाबाने नोझलकडे लोटतो आणि नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याचा धुक्यासारखा फवारा उडतो. मिनिटाला १,००० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती एंजिनात अशी फवारणी ५०० वेळा होते. प्रत्येक वेळचे तेल जेमतेम थेंबभर असते!

या वाटेत हवेचा बुडबुडा शिरला, तर मात्र सारे बिघडते. तेल दाबले जात नाही. हवा दाबली जाते. पंपाचा जोर हवा आवळण्यातच खर्ची पडतो, नोझल उघडत नाही आणि एंजिन थांबते. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा नळीचा सांधा ढिला राहिला, की असे घडते. नमुन्याच्या चिमुकल्या विमानाचीही हीच गत होते; इंधनाच्या नळीत हवा शिरली, की त्याचे एंजिन अधांतरी बंद पडते.

ऐन उन्हाळ्यात एंजिन अडले, तर उभे पीक माना टाकते. अशा वेळी उतावळा माणूस नुसते हँडल मारून दमतो. जाणता शेतकरी तेलाच्या वाटेने चालतो. प्रथम तो टाकी पाहतो. तिच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले असेल, तर ते मोकळे करतो. कारण बाहेरची हवा आत आली नाही, तर तेल खाली उतरत नाही. मग तो गाळणीवरील स्क्रू सैल करतो. प्रथम फेसाळ तेल येते. बुडबुडे संपून अखंड धार लागली, की तो स्क्रू आवळतो. हेच तो पंपापाशी व शेवटी नोझलच्या नळीपाशी करतो. मात्र नोझलच्या फवाऱ्यासमोर तो कधीही हात धरत नाही. कारण तो फवारा कातडी भेदून आत शिरतो.

थोड्याच वेळात एंजिन धडधडू लागते व पाटाला पाणी येते. ताकदीने जे साधले नाही, ते क्रमाने केलेल्या शोधाने साधते.